असू दे, नंतर बघू

मोबाइलवर क्रोममध्ये टॅब उघडत गेलं की कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनातला आकडा वाढत जातो. ९९ पर्यंत तो इमानेइतबारे मोजतो. शंभरावा टॅब उघडला की आकडा गायब होतो आणि तिथे हसरा चेहरा येतो. फायरफॉक्सचा स्वभाव जरा गंभीर, तो त्या जागी अनंताची खूण दाखवतो. हिशेब हाताबाहेर गेला की माणूस एकतर हसतो नाहीतर अध्यात्माकडे वळतो, हे संगणकवाल्यांनाही अखेर मान्य करावं लागलं. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये तर मोजणारा चौकोनही नाही. तिथे टॅब नुसते आकसत जातात. आधी मथळ्याची शेपटी जाते, मग उरलेला मथळा जातो, मग फक्त चित्र राहतं आणि शेवटी दाढेत अडकलेल्या बडीशेपेएवढं काहीतरी. कुठला टॅब कशाचा हे कळायला प्रत्येकावर क्लिक करून बघावं लागतं, आणि एकदा बघितलं की तो बंद करायची सोय राहत नाही, कारण तो कामाचा निघतो. पाठीमागून कोणी विचारलंच, "अगं, हे स्वेटर विणायचं काय उघडून ठेवलंयस? जून महिना चाललाय," तर उत्तर ठरलेलं आहे: "असू दे, नंतर बघू." (प्रस्तुत लेखकाचा आकडा कृपया विचारू नये. तोही हसतोच आहे.)

असे टॅब साठवणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती रिस्टार्टची. मशीन अदबीने म्हणतं, "अपडेट आलंय, बंद करून सुरू करू का?" तो म्हणतो, "आत्ता नको." "मग कधी?" "उद्या आठवण कर." असे चार महिने जातात. मशीनमध्ये कुठल्या देशातले चोर ये-जा करत असतील कोण जाणे, पण टॅब शाबूत असतात. अशा माणसाला सुधारण्यासाठी आजवर पुष्कळ उपदेश झाला आहे आणि त्यातला बराचसा त्याच्याकडे टॅबमध्ये उघडा आहे. माझं म्हणणं असं की त्याला सुधारायचा नाद सोडावा आणि त्याचं सामान नीट बांधून ठेवायची सोय करावी. हे बांधाबांधीचं काम एक्स्टेन्शननेच, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामनेच करावं, पण आज ब्राउझर त्याच्या हातात सामान देतच नाही, सामानाची यादी देतो. यादी सांभाळून ठेवली म्हणजे सामान सांभाळलं, असा जो समज आहे, तिथेच सगळी गडबड आहे.

कोणी म्हणेल, ब्राउझर स्वतःच सगळं लक्षात ठेवतो की! ठेवतो, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क द्यायला हवेत. फायरफॉक्सने २००६ साली दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आणली. कुठल्या खिडकीत कोणते टॅब आहेत, कोण कुठपर्यंत स्क्रोल झालाय, हे सगळं तो साधारण दर १५ सेकंदांनी एका फाइलीत उतरवतो. त्या फाइलीची एक जोडप्रत ठेवतो, मागच्या वेळची एक वेगळी ठेवतो आणि नवी आवृत्ती चढवताना आणखी एक काढून घेतो. एवढं करूनही कोलमडलाच, तर पुन्हा उठल्यावर माफी मागतो आणि "तुमची पानं परत आणताना अडचण येतेय" असं कबूल करून यादी पुढे करतो. चूक कबूल करणारं यंत्र जगात दुर्मिळ, त्यामुळे तिथे आपलाच जीव कळवळतो. पण या स्मरणशक्तीची एक मर्यादा आहे. ती आजीच्या उलट आहे. आजीला पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं आणि सकाळचं आठवत नाही, ब्राउझरला फक्त कालचं आठवतं. संध्याकाळी दमलेला माणूस दीडशे टॅबांची मोठी खिडकी बंद करतो. मागे कुठल्यातरी जाहिरातीने उघडलेली एक चिमुकली खिडकी दडलेली असते, ती त्याला नंतर दिसते, तीही तो बंद करतो आणि झोपायला जातो. सकाळी ब्राउझर मोठ्या निष्ठेने काय परत आणतो? शेवटची खिडकी. तीत गुडघेदुखीचं तेल. दीडशे टॅब "अलीकडे बंद केलेल्या खिडक्या" या तळघरात पडलेले असतात. ते तळघर कुठल्या मेनूच्या खाली आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्यावर अशी वेळ सहसा येत नाही, आणि ज्याच्यावर येते तो घाबरून आधी चार-पाच खिडक्या उघडून बंद करतो. तळघरात जागा मोजकी असते. नव्या खिडक्या आत आल्या की जुनी बाहेर.

म्हणून माणसाला नाव घालून ठेवता येईल असं सेशन, म्हणजे उघड्या टॅबांचं अख्खं बिऱ्हाड, हवं असतं. "भाड्याचं घर", "आईचं ऑपरेशन", "लेह-लडाख (गेलो तर)". आज एक उघडायचं, उद्या दुसरं. हे काम एक्स्टेन्शनांनी फार पूर्वीच अंगावर घेतलं होतं. फायरफॉक्सच्या जुन्या जमान्यात एक्स्टेन्शन म्हणजे घरातलाच माणूस, स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायची त्याला मुभा होती. सेशन मॅनेजर, टॅब मिक्स प्लस ही मंडळी थेट ब्राउझरच्या पोटात हात घालत. एखाद्या टॅबची सगळी अवस्था, मागची पानं, भरलेले फॉर्म यांसकट, मागून घ्यायची आणि हवी तेव्हा परत ठेवायची, हे तेव्हा जमत होतं. अडचण एवढीच की ब्राउझरवाल्यांनी एक डबा इकडचा तिकडे केला की हे पाहुणे अंधारात धडपडत आणि पडताना मांडणी घेऊन पडत. अखेर १४ नोव्हेंबर २०१७ रोजी, ५७ व्या आवृत्तीत, फायरफॉक्सने जुन्या घराण्यातली एक्स्टेन्शनं बंद केली. आता जे काही हवं ते काउंटरच्या खिडकीवर येऊन मागायचं. हे चुकलं असं मी म्हणणार नाही, घर सुरक्षित झालं आणि वेगवानही झालं. फक्त खिडकीवर ज्या वस्तू मिळतात त्यांच्या यादीत "टॅबची पूर्ण अवस्था" हे नाव घालायचं राहून गेलं.

आज खिडकीवर काय मिळतं? पत्ता, मथळा, टॅब कितवा, टाचून ठेवलेला आहे का, कुठल्या खिडकीत आहे. एक्स्टेन्शन हे वहीत लिहून घेतं. महिन्याभराने माणूस म्हणतो, उघड. एक्स्टेन्शन पत्ते वाचून एकेक टॅब उघडतं आणि "सेशन परत आणलं" असं जाहीर करतं. त्या टॅबचं मागे जायचं बटण मात्र मेलेलं असतं, कारण हा टॅब आत्ताच जन्मलाय, त्याला भूतकाळ नाही. चाळीस हजार शब्दांच्या लेखात जिथे होतो तिथून आपण थेट लेखकाच्या फोटोपाशी येतो. अर्धा भरलेला फॉर्म कोराकरकरीत. तिकिटाच्या पानावर तर "तुमचं सेशन संपलं आहे" असं लिहिलेलं, म्हणजे जे परत आणलं म्हणून आपण खूश, ते संपल्याचं तेच पान सांगतंय. फायरफॉक्समध्ये ब्राउझरची स्वतःची, सेटिंगसारखी पानं आणि मशीनवरच्या फाइली तर मुळीच उघडत नाहीत, एक्स्टेन्शनला तिथे मज्जाव आहे. एक्स्टेन्शन आणि ब्राउझर या दोघांचा संवाद ऐकू आला असता तर साधारण असा असता:

"साहेब, हा टॅब जसा होता तसा ठेवायचाय."

"ठेव की. पत्ता दिलाय ना?"

"पत्ता आहे. पण त्याच्यामागे सात पानं होती. माणूस मागे जायचं बटण दाबतो आणि माझ्या नावाने ओरडतो."

"ती पानं खासगी आहेत. तुला कशी देणार?"

"मला नकोत. तुम्हीच परत ठेवा. तुमच्याकडे आहेत."

"माझ्याकडे आहेत, पण तुझ्या सांगण्यावरून ठेवायची पद्धत नाही."

"मग कोणाच्या सांगण्यावरून आहे?"

"मी कोलमडलो तर आपोआप ठेवतो."

यावर एक्स्टेन्शनने करावं काय? साहेब कोलमडायची वाट बघत बसावं? अगदी हेच नसलं तरी याच्या जवळ जाणारी एक सोय आहे: नुकतेच बंद केलेले टॅब एक्स्टेन्शन संपूर्ण अवस्थेसह परत उघडायला सांगू शकतं. पण अशा परत मागता येणाऱ्या वस्तूंची यादी जास्तीत जास्त २५ ची, आणि त्यांना नाव देऊन बाजूला ठेवता येत नाही. म्हणजे ब्राउझरला ही कला पक्की येते, फक्त तो ती मागच्या काही प्रेतांपुरतीच वापरतो.

एक्स्टेन्शनचे बाकीचे हाल सांगायला हवेत, कारण यातूनच कळतं की प्रश्न आळशी प्रोग्रामरचा नाही. टॅबला जो नंबर मिळतो तो त्या दिवसापुरता. ब्राउझर बंद करून उघडला की सगळ्यांना नवे हजेरी क्रमांक, आणि कालचा सत्तावीस नंबर आज कोण हे मास्तरांनी ओळखायचं तोंडावरून. एकाच बातमीचे तीन टॅब असतील तर तोंडंही सारखी. ५७ व्या आवृत्तीतच फायरफॉक्सने यावर एक चांगली युक्ती दिली: टॅबच्या मनगटाला एक चिठ्ठी बांधून ठेवता येते आणि टॅब परत आला की चिठ्ठीही परत येते. जत्रेत पोराच्या खिशात पत्ता घालून ठेवतात तसं. युक्ती खरोखर चांगली आहे, पण पोर घरी आणायचं काम तरी ब्राउझरच करणार, आपण फक्त ओळखायचं. क्रोमची तऱ्हा निराळी. तिथल्या नव्या नियमांत एक्स्टेन्शनचा कामगार ३० सेकंद काही काम नसलं की झोपवला जातो. वीज वाचते हे कबूल, पण जो हिशेबनीस दर अर्ध्या मिनिटाला डुलकी काढतो त्याच्या वहीत काय काय सापडेल हे ओळखायला ज्योतिषी नको. आणि ब्राउझर बंद होताना "थांबा, शेवटचं लिहून घेतो" असं म्हणायची भरवशाची संधी दोन्हीकडे नाही. खिडक्या बंद होतायत हे कळतं, लिहायला घ्यावं तोवर दिवे गेलेले असतात. सगळ्या मशीनवर सारखं राहावं म्हणून जी ढगातली जागा मिळते ती एकूण १०० केबीची. एवढ्यात जेमतेम पत्तेच बसतात. चांगल्या फोटोचा एक कान यापेक्षा जड असतो.

पूर्वी तर परत आणण्याचा सोहळाच असे. तीनशे पत्ते एका दमात उघडले की तीनशे पानं एकदम लोड व्हायला लागत, त्यातल्या अकरा पानांवरचे व्हिडिओ एकदम बोलू लागत, पंखा विमानतळासारखा घोंघावू लागे, आणि या गोंधळात ब्राउझर कोलमडे. मग उठल्यावर तो स्वतःच्या निष्ठेने तेच तीनशे टॅब परत आणी आणि एक्स्टेन्शन आपल्या निष्ठेने आणखी तीनशे. दोन निष्ठावंत नोकर एकाच पाहुण्याला दोन्ही बाजूंनी वाढतात तेव्हा पाहुण्याचं जे होतं ते मशीनचं होई. फायरफॉक्सच्या ६३ व्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शनला झोपलेला टॅब उघडता येतो: मथळा दिसतो, पण क्लिक केल्याशिवाय पान लोड होत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वात शहाणी सुधारणा आहे, कारण ती माणसाचा स्वभाव ओळखून केलेली आहे. त्याला ते टॅब वाचायचे नसतात. ते आहेत, एवढं बघायचं असतं.

तर उपाय काय? रेल्वे स्टेशनची क्लोकरूम. तिथला माणूस आपली बॅग ठेवून घेतो, पावती देतो, फळीवर लावतो आणि परत देतो. बॅगेत काय आहे हे त्याला कळत नाही आणि कुलूप आपलं असतं, बॅगेला कुलूप नसेल तर तो बॅग घेतच नाही. तसं करावं. एक्स्टेन्शनने म्हणावं, या खिडकीचं गाठोडं बांधून द्या. ब्राउझरने मागची पानं, स्क्रोल, फॉर्म हे सगळं एका बंद गाठोड्यात घालून, मोहोर लावून द्यावं. बाहेरच्या लेबलावर मथळा आणि पत्ता, कारण ते तर एक्स्टेन्शनला आजही परवानगीने दिसतात. एक्स्टेन्शनने गाठोड्याला नाव द्यावं, रंग द्यावा, फळीवर चढवावं, शोधून द्यावं. उघडायचं मात्र ब्राउझरनेच. आपली चीज उघडता येऊ नये अशी बांधून ठेवणं फायरफॉक्सला परकं नाही. २०१७ पासून त्याची सेशनची फाइल अशा दाबून भरलेल्या रूपात असते की बाजारातलं नेहमीचं साधन लावलं तरी उघडत नाही, आणि मालक आपल्याच डिस्कवरच्या आपल्याच फाइलीकडे चोरासारखा बघत बसतो.

यावर पहिला आक्षेप विश्वासाचा, आणि तो पोकळ नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं क्रोमचं एक लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, ते न लागणारे टॅब झोपवून ठेवी. २०२० साली मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. पाटी तीच, आतला माणूस बदललेला, असा प्रकार. म्हणून तर गाठोडं बंद हवं. पण त्या प्रकरणात दुसरीही एक गंमत झाली. झोपवलेल्या टॅबच्या जागी ते स्वतःचं पान लावून ठेवी. एक्स्टेन्शन गेल्याबरोबर ती पानं गेली आणि पानांबरोबर लोकांचे टॅबही. मग मंडळी इतिहासाच्या पानात उत्खनन करून त्या लांबलचक पत्त्यांच्या शेपटीतून मूळ पत्ते सोडवत बसली. तेव्हा आणखी एक अट घालावी: क्लोकरूमवाला पळून गेला तरी फळीवरची बॅग मालकाला मिळाली पाहिजे.

दुसरा आक्षेप इंजिनिअरांचा: आजचं गाठोडं पाच वर्षांनी कोण उघडणार? आतली मांडणी बदललेली असेल. असेल, पण आवृत्ती चढवताना ब्राउझर आजही जुनं सेशन नव्यात नेतोच. गाठोड्यावर तारीख घालावी, जे समजेल ते लावावं, जे समजणार नाही त्याच्या जागी पत्ता उघडावा. वाईटात वाईट काय, आज जे रोज होतं तेच होईल. तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. सगळंच जसंच्या तसं परत आणलं तर बँकेचा लॉगिनही परत येईल, आणि पैसे भरायचं पान "पुन्हा पाठवू का?" विचारेल, आणि माणूस, सवयीने, हो म्हणेल. म्हणून लॉगिनच्या कुकी गाठोड्यात नकोत, पासवर्डचे रकाने नकोत, आणि प्रायव्हेट खिडकीला गाठोडंच नको. जो माणूस प्रायव्हेट खिडकीला "प्रायव्हेट, जपून ठेवणे" असं नाव देऊन सेव्ह करायला बघेल (आणि असा माणूस असतो), त्याला ब्राउझरने हात जोडावेत.

बुकमार्क करा ना, असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. बुकमार्क हा माळा आहे. तिथे वस्तू चढवतात ती परत दिसू नये म्हणून. उघडा टॅब टेबलावर असतो, टेबलावरची वस्तू दिसत राहते, टोचत राहते, आणि या टोचण्यालाच माणूस "काम चालू आहे" म्हणतो. शिवाय बुकमार्कला खिडकी नाही, कुठून कुठे आलो ते नाही. "मग ब्राउझरनेच ही सोय पूर्ण करावी, एक्स्टेन्शन मध्ये कशाला?" हा शेवटचा आक्षेप ऐकायला बरा वाटतो. पण ब्राउझरांचं प्रेम चंचल असतं. फायरफॉक्सने २०११ साली चौथ्या आवृत्तीत टॅबांचे गट करायची देखणी सोय दिली, ती २०१६ मध्ये ४५ व्या आवृत्तीतून फारसं कोणी वापरत नाही म्हणून काढून टाकली, आणि २०२५ मध्ये १३८ व्या आवृत्तीत, दुसऱ्या रूपात, टॅबांचे गट पुन्हा वाजतगाजत आले. जे थोडे लोक ती सोय वापरत होते त्यांनी मधली नऊ वर्षं कुठे काढायची? एक्स्टेन्शनमध्येच की. ज्यांच्या सवयी विचित्र आणि संख्या कमी, त्यांच्यासाठीच तर एक्स्टेन्शन असतं, आणि टॅबांच्या बाबतीत सवय प्रत्येकाचीच विचित्र.

हे सगळं बांधून झाल्यावर चाचणी घ्यावी लागेल, आणि ती प्रयोगशाळेत घेऊन उपयोग नाही. खऱ्या घरात घ्यावी. ज्यांच्या फळीवर "नवीन", "नवीन २", "महत्त्वाचं", "महत्त्वाचं खरंच" आणि "फायनल जुनं" अशी गाठोडी आहेत, त्या बाईंना आठ महिन्यांपूर्वीचं "महत्त्वाचं खरंच" उघडायला सांगावं. दोनशे अकरा टॅब, झोपलेले, आपापल्या जागी. त्यांनी पहिल्यावर क्लिक करावं. "कमी टॅबमध्ये काम करण्याच्या दहा सवयी" हा लेख उघडावा, नेमका तिसऱ्या सवयीपाशी, ज्या ओळीवर आठ महिन्यांपूर्वी दाराची बेल वाजली होती त्याच ओळीवर. मागे जायचं बटणही जिवंत असावं. त्यांनी समाधानाने मान हलवावी. मुलाने विचारावं, "आई, मग बंद करू का हा?"

"अरे थांब, अर्धा राहिलाय ना! असू दे, नंतर बघू."

आणि त्यांनी नवा टॅब उघडला की चाचणी पास धरावी.